पुढील अंकाची वाट : अंतराळांतील चित्रकथा आणि तिचा वाचक



आज मीं बोलावयास घेतलेला विषय आपल्यापैकीं कित्येकांना पोरकट वाटण्याचा संभव आहे. साठी ओलांडलेल्या निवृत्त मास्तरानें संतवाङ्मयावर किंवा शिक्षणपद्धतीवर बोलावें, अशी आपली अपेक्षा असल्यास ती रास्तच आहे. परंतु त्या विषयांवर अधिकारवाणीनें बोलणारे पुष्कळ आहेत, आणि मी तर केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. ज्या एका विषयाचा पिच्छा मीं वयाच्या दहाव्या वर्षापासून सोडला नाहीं, तो म्हणजे अंकाअंकांनीं पुढें सरकणारी अंतराळांतील साहसांची चित्रकथा. अशी कथा तयार कशी होते, ती आपल्यापर्यंत आली कशी, आणि तिचा वाचक दोन अंकांच्या मधल्या काळांत नेमकें काय करतो, एवढेंच सांगण्याचा माझा विचार आहे.

माझें गांव नवेगांव बांध. गोंदिया जिल्ह्यांतील हें गांव, पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत होतें. नवा जिल्हा १९९९ सालीं झाला. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधलेल्या तलावामुळें गांवाच्या नांवापुढें ‘बांध’ हा शब्द लागला. भोंवतीं जंगल, डोंगर आणि धानाचीं शेतें. रेल्वेचें स्थानक जवळच्या देवलगांवला, आणि माझ्या लहानपणीं त्या मार्गावर छोट्या मापाची गाडी धांवत असे. पुस्तकांचें दुकान गांवांत नव्हतें. गोंदियास नोकरीला असलेले माझे मामा सणावाराला येत, तेव्हां त्यांच्या पिशवींत माझ्यासाठीं दोनचार रंगीत अंक असत. दिवाळीला आलेल्या गोष्टीचा शेवट होळीला कळे, कधीं कळतहि नसे. ह्या उणिवेमुळेंच मला ह्या विषयाची गोडी लागली, असें आतां मागें वळून पाहतांना वाटतें.

प्रथम ह्या कथांचें मूळ पाहूं. अमेरिकेंतील वृत्तपत्रांत रोज तीनचार चौकटींची एक आडवी पट्टी छापण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रुजली. आरंभीं तिच्यांत विनोद असे. १९२९ च्या जानेवारींत बक रॉजर्स ह्या नायकाची पट्टी सुरू झाली आणि चित्रकथा भविष्यकाळांत जाऊन पोंचली. तिला तोडीस तोड म्हणून किंग फीचर्स ह्या संस्थेनें १९३४ च्या जानेवारींत फ्लॅश गॉर्डन ही मालिका काढली. चित्रकार होता अ‍ॅलेक्स रेमंड. मोंगो नांवाचा एक ग्रह पृथ्वीच्या रोखानें धांवत येत आहे. विमानानें जाणारा फ्लॅश आणि त्याची सहप्रवासी डेल आर्डन हीं दोघें उल्केच्या आघातांतून हवाई छत्रीनें खालीं उतरतात. आणि डॉक्टर झारकोव्ह हा अर्धवट वेडावलेला शास्त्रज्ञ त्यांना पिस्तुलाच्या धाकानें आपल्या अग्निबाणांत चढवून त्या ग्रहाकडे निघतो. आरंभ हा असा. पुढें मोंगोचा जुलमी सम्राट मिंग, पंख असलेलीं माणसें, वनराज्याचा राजपुत्र बॅरिन असा अवघा पसारा. त्याच वर्षीं जूनमध्यें जादूगार मँड्रेक आणि १९३६ च्या फेब्रुवारींत वेताळ हीं ली फॉक ह्यांचीं पात्रें अवतरलीं. मँड्रेकच्या कथांतहि पुढें लक्षावधि ग्रहांचा सम्राट मॅग्नॉन आला, म्हणजे जादूगारालाहि अंतराळ चुकलें नाहीं.

आतां अशा पट्टीची घडण पाहा, कारण माझ्या मतें खरें कौशल्य तेथेंच आहे. रोजच्या तीन चौकटी. पहिल्या चौकटींत काल काय झालें याची आठवण, दुसरींत एक पाऊल पुढें, आणि तिसरींत असें कांहीं तरी कीं, ज्यामुळें वाचकाला उद्यांचें वृत्तपत्र विकत घ्यावें लागेल. दार उघडतें, पण दारांत कोण उभें आहे तें दिसत नाहीं. काल ज्यानें वृत्तपत्र घेतलें नाहीं त्यालाहि कथा समजली पाहिजे, आणि ज्यानें घेतलें त्याला पुनरुक्तीचा कंटाळा येतां कामा नये, हें दुहेरी बंधन. आमच्याकडे चातुर्मासांत पोथी लावतात, तेव्हां पुराणिकबुवा कालच्या अध्यायाचें सार दोन वाक्यांत सांगून पुढें जातात, तसेंच हें. फरक इतकाच कीं पुराणिकबुवा अध्याय पुरा करून उठतात आणि पट्टीचा लेखक मुद्दाम अपुरा ठेवून उठतो.

थोडें गणित करूं. समजा, एक गोष्ट बारा आठवडे चालली. रविवार वगळून बहात्तर पट्ट्या झाल्या, म्हणजे तीन चौकटींच्या हिशेबानें दोनशें सोळा चौकटी. हीच गोष्ट तीस पानांच्या पुस्तिकेंत बसवावयाची, आणि पानावर सहा चौकटी मावतात. जागा एकशें ऐंशींची. उरलेल्या छत्तीस काय करावयाच्या? ज्या चौकटींत केवळ कालची आठवण आहे त्या सहज गळतात, आणि गळल्यामुळें गोष्ट वेगवान् होते. परंतु पहिल्या वाचकानें जी कथा तीन महिने अनुभवली, ती दुसरा वाचक अर्ध्या तासांत संपवितो. ज्या ठिकाणीं त्या अमेरिकन वाचकाचा श्वास एक रात्र अडकून राहिला होता, त्या ठिकाणावरून हा केवळ पान उलटून पुढें जातो. थांबण्याच्या जागा बदलतात, आणि कथेची चव थांबण्याच्या जागांवर फार अवलंबून असते.

भारतांत अशा पुस्तिकांचें मोठें काम ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ह्या मालिकेनें केलें. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें ती १९६४ च्या मार्चमध्यें इंग्रजींत सुरू केली आणि पुढें मराठीसह इतर देशी भाषांत आणली. आरंभीं तींत वेताळाचेंच राज्य होतें. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली आणि १९७६ च्या अखेरीस आबिद सुरती यांनीं निर्माण केलेला बहादूर हा आपला देशी नायकहि आला. फ्लॅश गॉर्डनच्या ज्या गोष्टी आम्हांला मिळत, त्या रेमंडच्या नव्हत्या. १९५१ पासून दैनिक पट्टी काढणाऱ्या डॅन बॅरीच्या असत, आणि त्यांत राजेरजवाडे कमी व यंत्रें अधिक. संपादकांची सावधगिरीहि मोठी मौजेची. वेताळाच्या देशाचें मूळ नांव आपल्या बंगालची आठवण करून देणारें होतें, तें बदलून त्यांनीं ‘डेंकाली’ असें केलें.

मालिकेचा संग्रह करणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगून ठेवतों. मूळ इंग्रजी मालिकेचे १२३ व १२४ हे अंक संपामुळें कधीं निघालेच नाहींत. क्रमांक मात्र पुढें चालूं राहिले. जे अंक अस्तित्वांतच नाहींत त्यांच्यासाठीं जुन्या बाजारांत कित्येकांनीं वर्षें घालविलीं असतील.

येथें एक आडवाट घेतों. क्रमशः अंतराळप्रवास ही आपल्याला परदेशी चित्रकथांनीं शिकविलेली गोष्ट आहे, असें कोणी समजूं नये. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ ह्या मराठी मासिकांत १९०० पासून १९०६ पर्यंत ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी ‘चंद्रलोकची सफर’ ह्या नांवानें हप्त्याहप्त्यानें येत होती. म्हणजे मराठी वाचकाला चंद्राकडे जावयास सहा वर्षें लागलीं! १९६९ च्या जुलैंत अपोलो ११ चें यान निघाल्यापासून चौथ्या दिवशीं माणूस चंद्रावर उतरला, तेव्हां ह्या सहा वर्षांची आठवण कोणा वृद्ध वाचकाला झाली असेल काय, असें मला पुष्कळदां वाटतें. आणि स्वतः व्हर्ननेंहि वाचकाला कमी छळलेलें नाहीं. १८६५ च्या त्या कादंबरीच्या अखेरीस तोफेंतून उडविलेला तो गोळा, आंतील तीन प्रवाशांसह, चंद्राभोंवतीं फिरत राहतो आणि पुस्तक संपतें. ते तिघे जगले कीं मेले, हें कळावयास पुढचा भाग यावा लागला, आणि तो आला चार वर्षांनीं. चार वर्षें ते तिघे वाचकांच्या मनांत चंद्राला प्रदक्षिणा घालीत होते.

वाचकाच्या मनांत त्या काळांत काय चालतें, हें मला पुस्तकांतून नव्हे, एका मित्राकडून कळलें. तो आमच्या तलावावर मासे धरणाऱ्या ढिवराचा मुलगा. दुसरीनंतर त्याची शाळा सुटली, कारण जाळें ओढावयास बापाला हात हवा होता. अक्षरें तो विसरला होता. तरी मामा येऊन गेले कीं दुसऱ्या दिवशीं तो बांधावर हजर. आम्हीं वांटणी करून घेतली होती : मी अक्षरें वाचावीं, त्यानें चित्रें. ही वांटणी बरोबरीची नाहीं, माझ्याकडे मोठा वांटा आहे, असें मी समजत असें. तो मात्र चित्र पाहून सांगे कीं ह्या खोलींत आपण मागें येऊन गेलों आहों, किंवा हा पहारेकरी तोच आहे, फक्त टोपी बदलली. पाण्यांतील सावलीवरून मासा ओळखणारी त्याची दृष्टि. चौकटींतलें कांहींहि तिच्यांतून सुटत नसे.

मी सातवींत असतांना दोन अंकांत विभागलेली एक फ्लॅश गॉर्डनची गोष्ट आमच्या हातीं आली. गोष्टीचें नांव मी मुद्दाम सांगत नाहीं. कोणी श्रोता ती अद्याप शोधीत असला तर त्याची मौज जाईल. पहिला अंक धड होता. दुसऱ्याचें मुखपृष्ठ आणि पहिलीं आठ पानें नव्हतीं. पहिल्याच्या अखेरीस झारकोव्ह शत्रूच्या तावडींत, आणि दुसऱ्याच्या नवव्या पानावर तो मोकळा होऊन यंत्रापाशीं उभा. मधें काय झालें तें कोणालाच ठाऊक नाहीं. मीं तें ठाऊक असल्याचा आव आणला. अंक माझ्या हातांत होता, फाटलेली बाजू मीं मांडीखालीं धरली, आणि आठ पानांचा मजकूर तोंडानें रचून, जणूं वाचीत आहें अशा स्वरांत म्हटला. त्यांत शत्रूची एक दयाळू कन्या होती. ती रात्रीं किल्ली आणून देते, आणि झारकोव्ह केंसालाहि धक्का न लागतां निसटतो. मला स्वतःला ती रचना फार आवडली होती.

त्यानें सर्व ऐकून घेतलें. मग नवव्या पानावर बोट ठेवलें. झारकोव्हच्या डाव्या हाताला पट्टी बांधलेली होती. “खोटा बोलतेस तू,” तो म्हणाला. “पाह्य ना त्याचा हात.”

पुढें सारा पावसाळा तो मजकडे आला नाहीं. मीं त्याला फसविलें याचा त्याला राग होता, परंतु राग केवळ तेवढ्याचाच नव्हता. आजवर मीं वाचून दाखविलेल्यापैकीं किती खरें आणि किती माझ्या पदरचें, हें आतां त्याला कळण्याचा मार्ग उरला नव्हता. सगळ्याच गोष्टी मीं एका दुपारीं संशयास्पद करून टाकल्या होत्या. दिवाळीला मामा आले, तेव्हां तो आला. नवा अंक त्यानें माझ्या हातून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. पहिल्या फुग्याखालीं बोट धरून, एकेक अक्षर जुळवीत, तो वाचूं लागला. धाकट्या बहिणीच्या पहिलीच्या पुस्तकावरून त्यानें चार महिन्यांत ही विद्या परत मिळविली होती. जोडाक्षरें तेवढीं तो मला विचारी. ‘अंतरिक्ष’ आणि ‘स्फोट’ ह्या दोन शब्दांशीं आमची पुष्कळ झटापट झाली. मी सांगितलें कीं तो माझ्या तोंडाकडे न पाहतां पुन्हां अक्षराकडे पाही, खरें आहे कीं नाहीं तें तपासावयास.

मी पुढें मास्तर झालों, आणि ही पट्टी मीं कधीं विसरलों नाहीं. चित्रकथा वाचून मुलें आळशी होतात, शब्दांचा कंटाळा करतात, असा सार्वत्रिक आक्षेप आहे. एका शाळेंत एका वरिष्ठांनीं माझ्या टेबलावरील असे अंक उचलून नेले ते परत दिलेच नाहींत. आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. चित्र पाहून पान उलटणारीं मुलें मींहि पाहिलीं आहेत. परंतु दोन चौकटींच्या मधें जी पांढरी जागा असते, ती भरण्याचें काम चित्रकार वाचकावर सोपवितो, आणि तें काम आळशाला जमत नाहीं. एका चौकटींत मूठ उगारलेली, दुसरींत शत्रू जमिनीवर. ठोसा कोणीं काढलेलाच नाहीं. तो वाचकानें मारावयाचा. दोन अंकांमधील महिना म्हणजे अशीच एक लांबरुंद पांढरी जागा. हातीं आलेल्या शेवटच्या चित्राशीं इमान राखून ती भरावयाची. मीं केलें तसें नव्हे.

ह्या पांढऱ्या जागेचा उपयोग मीं वर्गांत गणितासाठीं केला. अंतराळकथेंत एक ठरलेली पाटी असते : ‘कांहीं काळानंतर’. एका चौकटींत अग्निबाण पृथ्वीवरून उडतो, दुसरींत तो परक्या ताऱ्याच्या ग्रहावर उतरतो, आणि मधें हे दोन शब्द. मी मुलांना विचारीत असें, “कांहीं काळ म्हणजे किती?” चंद्र येथून सरासरी ३,८४,००० किलोमीटर. प्रकाश तेथें सुमारें सव्वा सेकंदांत पोंचतो. सूर्यावरून प्रकाश यावयास आठ मिनिटें आणि वर कांहीं सेकंद. सूर्य सोडून सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांच्या अंतरावर. पृथ्वीच्या ओढींतून सुटावयास यानाला सेकंदाला सुमारें ११ किलोमीटर वेग लागतो. तोच वेग कायम धरला तर त्या ताऱ्यापर्यंत जावयास एक लक्षाहून अधिक वर्षें लागतात. पाटीवर शून्यांची रांग लांबत गेली कीं वर्ग शांत होत असे. मग मागच्या बांकावरून कोणी तरी म्हणे, “गुरुजी, मग त्याची दाढी कां नाहीं वाढली?” ह्या प्रश्नासाठीं मी तास राखून ठेवीत असें.

कथेंतील शास्त्र तपासण्याचा नाद मुलांना एकदां लागला कीं तें त्यांना आंवरत नाहीं. हवा नाहीं तेथें आवाज कसा, हें विचारून तीं स्फोटाच्या चौकटींतील मोठमोठीं अक्षरें खोडून टाकावयास निघत. मोंगोसारखा अवजड ग्रह पृथ्वीजवळ आला असता तर आदळण्यापूर्वींच समुद्राला भयंकर भरत्या आल्या असत्या, हें एका मुलीनें स्वतः होऊन सांगितलें. लेखकाच्या चुका सांपडल्या म्हणून त्यांचा कथेंतील रस उणा झाला नाहीं. उलट पुढच्या अंकांत तो काय चूक करतो याचीहि तीं वाट पाहूं लागलीं. २०२३ च्या २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरलें, त्या संध्याकाळीं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं एकानें, आतां तो दोन मुलांचा बाप आहे, मला दूरध्वनि करून एवढेंच विचारलें : “गुरुजी, ऑगस्टांत पोंचलें, निघालें जुलैंत. कांहीं काळ म्हणजे चाळीस दिवस, नाहीं का?” हिशेब बरोबर होता. हें यान कमी इंधनांत, पृथ्वीभोंवतीं मोठमोठे फेरे घेत, वळसा घालून गेलें.

इंद्रजाल कॉमिक्स १९९० सालीं बंद पडलें. आठशेंच्या वर अंक निघाले होते. घरोघर दूरचित्रवाणी आली होती. रविवारीं सकाळीं मुलें तिच्यापुढें बसूं लागलीं. मी तेव्हां तिशींत होतों, आणि अंक यावयाचे थांबल्यावर घरांत एखादें माणूस कमी झाल्यासारखें मला वाटलें, हें कबूल करतों. आतां जुने अंक संग्राहकांच्या हातांत आहेत, आणि चांगल्या स्थितींतील मराठी अंक सहज मिळत नाहींत.

कांहीं वर्षांपूर्वीं नागपुरास एका रद्दीच्या दुकानांत बसलों असतां ढिगाच्या तळाशीं मला तो दुसरा अंक सांपडला. मुखपृष्ठासह, आठहि पानें शाबूत. मीं तेथेंच उभ्या उभ्या वाचला. मीं रचलेल्यापैकीं त्यांत कांहींहि नव्हतें. दयाळू कन्या नव्हती, किल्ली नव्हती. झारकोव्हला ती इजा कशी झाली हें तर लेखकानें एकाच चौकटींत, घाईघाईनें उरकलें होतें.

गांवीं परतल्यावर मी अंक घेऊन मित्राकडे गेलों. त्याचा मुलगा आतां तलावावर जातो. तो स्वतः ओसरीवर जाळीं दुरुस्त करीत बसतो. त्यानें चश्मा लावला आणि पहिल्या पानापासून आरंभ केला. बोट अजूनहि अक्षराखालीं. आठवें पान संपल्यावर तो थोडा थांबला, हाताच्या पट्टीचें चित्र त्यानें पुन्हां एकदां पाहिलें, आणि म्हणाला, “मास्तर, तुझ्या गोष्टींतली ती पोरगी बरी होती.” मग त्यानें उरलेला अंक वाचावयास घेतला. अंधार पडूं लागला तेव्हां मी उठलों. अंक त्याच्याकडेच राहिला आहे. दोनदां मागितला, दोन्ही वेळां नातीनें वाचावयास घेतला आहे असें उत्तर मिळालें.